पिंपळखारचा धुरा

१

समुद्र न पाहता समुद्राची कामं करणारी माणसं जगात किती असतील, कोण जाणे. अकोल्यात आम्ही दोघं होतो. मी प्रियदर्शनी, आणि माझ्यासोबत वकार. गोरक्षण रोडवर एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, काही संगणक आणि एक म्हातारा कूलर. उपग्रहानं काढलेली चित्रं घ्यायची आणि त्यांतून लोकांना हवे ते नकाशे करून द्यायचे, हा आमचा धंदा. एरवी आमच्याकडे कपाशीचे नकाशे येतात, संत्र्याचे येतात, फार तर एखाद्या धरणातला गाळ येतो. यंदा कोकणातल्या एका खाडीचं काम आलं. खाडीचा आकार गेल्या तीस वर्षांत कसा बदलला आणि त्यातला किती बदल माणसानं केला, हे संगणकाकडून काढून घ्यायचं होतं.

वकारनं त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक चित्रात पाण्याची कड शोधतो, जुनी कड नव्या कडेवर ठेवतो, आणि कुठे काय सरकलं ते रंगवतो. निसर्गानं केलेलं निळं, माणसानं केलेलं लाल. बांध, धक्का, भराव, सगळं लाल. त्याला ते कळतं कसं, असं मी विचारलं तेव्हा वकार म्हणाला, "सोपं हाय ताई. नदी कधी पट्टी घेऊन बसत नाई. मानूस बसते."

पहिल्याच महिन्यात आम्ही आमचं हसं करून घेतलं. अर्धी खाडी आठवड्याभरात बुजवली गेली आहे, असा अहवाल आम्ही मोठ्या काळजीनं पाठवला. त्यात मी "चिंताजनक" हा शब्दही घातला होता. काम देणाऱ्या, किनाऱ्यावरच्या बाईंचा फोन आला. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अहो मॅडम, ती ओहोटी आहे. पाणी संध्याकाळी परत येतं."

मी शरमेनं लाल झाले. वकार मात्र ढिम्म. "आमच्या नळाले हप्त्यातून एकदा पानी येते," तो म्हणाला, "दिवसातून दोनदा येते अन् जाते, हे अकोल्याच्या मानसाले कसं सुचन?"

मग आम्ही सुधारलो. प्रत्येक चित्र भरतीचं की ओहोटीचं, हे प्रोग्रॅमनं आधी ओळखायचं आणि मगच तुलना करायची, अशी सोय वकारनं केली. आता एकच तपासणी उरली होती. जिथे खाडी नाहीच, तिथे हा प्रोग्रॅम "काही नाही" असं प्रामाणिकपणे म्हणतो का? त्यासाठी जागा मीच सुचवली. म्हैसांगच्या पुढचा पूर्णा नदीचा पट्टा. समुद्रापासून चारेकशे किलोमीटर लांब. तिथला इंच न इंच मला माहीत होता, कारण पिंपळखार हे माझं गाव, आणि माझे बाबा अजून तिथेच राहतात.

२

एप्रिल होता. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. कूलरच्या टाकीत पाणी खळखळत होतं आणि पडद्यावर चित्र हळूहळू भरत होतं. रिकामं यायला हवं होतं ते.

खाडी आली.

तिला मुख होतं, फाटे होते, चिखलाचे सपाट पट्टे होते. पडद्याच्या डाव्या बाजूला ती रुंद होत गेली होती, अगदी कोकणातल्यासारखी. कोणी हातानं काढली असती तरी इतकी नेटकी निघाली नसती.

वकार मोठ्यानं हसला. "मशीनले बी खारपान बाधलं!"

मीही हसले. कारण उघड होतं. आमचा हा सगळा भाग म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, चहा केला तर दूध फाटतं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खार फुटते. उपग्रहाला ती खार किनाऱ्यावरच्या मिठासारखी दिसत असणार आणि ओली काळी माती चिखलासारखी. प्रोग्रॅम फसला, एवढंच. मी तसं लिहूनही टाकलं. कारण सापडलं की मला फार बरं वाटतं. माझा स्वभावच तसा आहे. घरात रात्री भांडं पडलं तर मांजर दिसेपर्यंत मी झोपत नाही.

पण वर्षभराची चित्रं एकामागून एक लावली तेव्हा ती कड हलत होती. पुढे यायची, मागे जायची. ओल असेल, म्हणून मी पावसाच्या तारखा पाहिल्या. पाऊस जुळला नाही. कालव्याचं पाणी म्हणावं तर तिथे कालवा नाही. मग वकारनं, निव्वळ गंमत म्हणून, पौर्णिमा आणि अमावास्या लावून पाहिल्या.

जुळल्या. पौर्णिमेला कड सगळ्यात पुढे, अमावास्येला सगळ्यात पुढे, मधल्या अष्टमीला आखडलेली.

"मी भरतीचं गनित टाकलं ना त्याच्यात," वकार म्हणाला. "तेच लावून रायला तो." त्यानं ते गणित काढून टाकलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आम्ही दोघंही उभे राहून पाहत होतो. कड तशीच हलली.

"चहा पिऊन येऊ," मी म्हणाले. आम्ही खाली उतरलो आणि टपरीवर उभं राहून क्रिकेटवर बोललो. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

३

बाबांबद्दल सांगायला हवं. देवराव त्यांचं नाव. एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म दुसऱ्यांना "चला पुढे सरका" म्हणण्यात गेला, पण स्वतः जागचे हलायला तयार नाहीत. आई गेल्यावर त्यांनी गावातलं घर बंद केलं आणि वावरातल्या दोन खोल्यांत राहायला गेले. नदीच्या अंगाला एकटंच घर, एक शेळी, तिचं पिल्लू. मी त्यांना अकोल्याला आणायचं म्हणून दोन वर्षं मागे लागले होते. माझ्याकडे खोली रिकामी होती, दवाखाना जवळ होता. गेल्या हिवाळ्यात ते घेरी येऊन वावरात पडले आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून फोन उचलायला उशीर झाला की मी लागोपाठ पुन्हा लावत राहते.

त्या पडद्यावर मी पिंपळखार मोठं करून पाहिलं ते या सवयीनंच. गावाच्या आणि नदीच्या मधून एक लाल रेघ गेली होती. सरळ, लांब, पट्टीनं आखल्यासारखी. माणसानं केलेलं. गाव रेघेच्या अलीकडे होतं आणि बाबांचं घर पलीकडे, नदीच्या बाजूला.

चित्र गेल्या उन्हाळ्यातलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे होते. भीमजयंतीला गेले होते आणि नेमक्या त्याच जागेवरून चालत बाबांच्या घरी गेले होते. तिथे कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्या होत्या आणि पाय पोळवणारी भेगाळ जमीन होती. बांध तर सोडाच, ढेकूळही जागचं हललेलं नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. बोलायचं काहीच नव्हतं, आवाज ऐकायचा होता.

"जेवले काय?"

"जेवलो. कामावर होतो बाई."

"उन्हाचं कोनतं काम काढलं बाबा?"

"धुरा भरून रायलो," ते म्हणाले.

धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्याकडे त्यावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो, पण उन्हाळ्यात भर दुपारी तो कोणी भरत नाही. कोणता धुरा, असं मी विचारलं. बाबांनी सांगितलं तो गावाच्या अंगाचा. मधली सगळी वावरं धरून एकच लांब धुरा. एकटे नव्हते, सगळं गाव लागलं होतं.

"कोनं सांगतलं भराले? ग्रामपंचायत?"

"कोनी नाई सांगतलं," बाबा म्हणाले. "शेजारचा भरून रायला होता, म्हनून मी बी लागलो."

त्यांच्या मागे काहीतरी वाजत होतं. संथ, एका लयीत. जवळ यायचं आणि लांब जायचं.

"मागे काय वाजते बाबा?"

"कूलर असन."

"लाइट आली काय?"

"सकाळपासून नाई," बाबा म्हणाले, आणि मग त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच फोन ठेवला.

४

वकारनं प्रोग्रॅम उलटापालटा केला. नवीन संगणकावर बसवला, दुसऱ्या उपग्रहाची चित्रं दिली. वाशीमचा डोंगराळ भाग टाकला, तिथे काही आलं नाही. मेळघाट टाकला, काही आलं नाही. पूर्णेचा पट्टा टाकला की खाडी यायचीच. मूळ चित्र साध्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसती माती दिसायची. रेघ फक्त प्रोग्रॅमला दिसत होती.

"ताई, तू देवरावकाकांले आन," तो एक दिवस म्हणाला. वकार नास्तिकाहून नास्तिक माणूस. त्याची अम्मी त्यासाठी त्याला रोज शिव्या देते. "मले काई समजून नाई रायलं. पन तू आन त्याईले."

मेच्या सुरुवातीला नवं चित्र आलं. आता रेघ डोळ्यांनाही दिसत होती. काळ्या मातीचा बारीक, ताजा, उंच पट्टा. गेल्या वर्षीच्या लाल रेघेवर तो केसाएवढाही न चुकता बसत होता. आणि तो पिंपळखारलाच थांबला नव्हता. वरच्या गावाचा बांध त्याला येऊन मिळाला होता, खालच्या गावाचा मिळत होता. नदीच्या पलीकडच्या काठालाही गावंच्या गावं तेच करत होती. एकमेकांना विचारून हे झालं नव्हतं. आमच्याकडे दोन गावांचं साध्या पांदण रस्त्यावर एकमत होत नाही.

सगळ्या बांधाला एकच खांड होती, म्हणजे मोकळी सोडलेली जागा. बैलगाडी जाईल एवढी. बाबांच्या वावराकडे जाणारी वाट तिथून होती.

मी घाबरले होते आणि घाबरल्याचा रागही येत होता. मग मी मला जमतं तेच केलं. मोजमाप पाहिलं. प्रोग्रॅमनं दाखवलेली पाण्याची कड बाबांच्या घरापासून बरीच खाली होती, पार नदीच्या काठाला चिकटलेली. म्हणजे समजा, हे सगळं खरं धरलं, तरी वेळ होता. माझा जीव भांड्यात पडला. चित्र कोणत्या तिथीचं होतं हे मी पाहिलं नाही.

बाबांना मी फोनवर सरळ सांगितलं, यावेळी नाही ऐकणार, सामान बांधा. ते भांडतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण ते लगेच हो म्हणाले.

"पौर्निमेले ये," ते म्हणाले. "इहारात वंदना करू, खीर खाऊ, अन् निंगू."

त्यांचं इतक्या सहज ऐकणं मला मुळीच आवडलं नाही.

५

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती. वकारनं मामाची व्हॅन आणली. मी पांढरी साडी नेसले होते, त्यावरून त्यानं नावं ठेवली नाहीत, म्हणजे तोही घाबरलेला होता. म्हैसांग मागे पडलं तशी रस्त्यावरची वर्दळ संपली. दुपार टळत आली होती. रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली नेहमी बसलेली म्हातारी माणसं त्या दिवशी एकाही गावात दिसली नाहीत.

पिंपळखारचं विहार उघडं होतं. मूर्तीपुढे मेणबत्त्या जळून खाली वाकल्या होत्या. उदबत्तीची राख तशीच लांब उभी होती. बाहेर मांडवात खिरीचं मोठं पातेलं होतं, वर साय धरलेली, पळी आत बुडालेली. पत्रावळींचा गठ्ठा कोणी सोडलेलाच नव्हता. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात पाय ठेवायला जागा नसते, पोरं खिरीसाठी एकमेकांना ढकलत असतात. त्या दिवशी तिथे एक माशी घोंगावत होती, आणि तिचा आवाज मला नको इतका मोठा वाटला.

"मशिदीपाशी बी कोनी नाई," वकार कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. "मारुतीच्या पारावर बी नाई."

आम्ही घरांच्या मधून नदीच्या बाजूला चालत गेलो. दारं उघडी होती. एका घरात टीव्ही चालू होता आणि कोणीतरी बातम्या सांगत होतं. पुढे गेल्यावर तो आवाज मागे पडला आणि दुसरा ऐकू यायला लागला. फोनमधला. फक्त आता तो सगळीकडून येत होता.

मग शेवटचं घर संपलं आणि धुरा दिसला. माझ्या डोक्याहून उंच होता. त्याच्यावर सगळं गाव उभं होतं.

६

वंदनेला जायला निघालेली माणसं तशीच इकडे वळली असावीत. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, सगळं काळ्या मातीनं भरलेलं. आमच्या वस्तीतले होते, पाटलांच्या आळीतले होते, वकारच्या नात्यातला एक गवंडी होता. हातोहात घमेली सरकत होती आणि कोणी बोलत नव्हतं. ज्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं यावरही सभा भरते, त्या गावात फक्त माती पडल्याचा आवाज होता.

बेबीताई मला लहानपणापासून ओळखतात, आमच्या शेजारच्या. मी त्यांचा हात धरला. "ताई, काहून करून रायले तुमी हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेडसर वगैरे काही नव्हत्या. दमलेल्या होत्या आणि भ्यालेल्या होत्या, अगदी शहाण्या माणसासारख्या. "मले काय इचारतं व बाई," त्या म्हणाल्या. "हात थांबवला का पायाले थंडं लागते."

बाबा खांडेपाशी होते. फावडं टेकवून उभे, कंडक्टरसारखेच, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून. मला पाहून हसले. त्यांची पिशवी आणि वळकटी अलीकडे आणून ठेवलेली होती. मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले. बाबा आत होते. आता फक्त व्हॅनपर्यंत चालायचं होतं.

"चला बाबा. आत्ताच चला."

"चाल," ते म्हणाले. मग थबकले. "शेई बांधून हाय ना घरी. सोडून आनतो."

मी खांडेतून पलीकडे पाहिलं. वावर कोरडं ठाक होतं. भेगा, ढेकळं, वाऱ्यानं उडणारा फोफाटा. दोन हाकांच्या अंतरावर घर आणि दाराशी शेळी. त्याच्याही पुष्कळ पुढे नदी. मी पडद्यावरची कड आठवली, नदीला चिकटलेली. वेळ होता.

"मी जातो ताई," वकार म्हणाला.

"तुले शिंगं मारन ते," बाबा म्हणाले. "मुक्या जनावराले बांधून जाऊ काय मी? आलोच."

"लवकर या," मी म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. शेळी आणायला माणूस जातो आणि येतो, त्यात अडवण्यासारखं काय असतं?

ते जात असताना वकारनं माझं मनगट पकडलं. "ताई, ते शेवटचं चित्र," तो म्हणाला. "अष्टमीचं होतं. आज पौर्निमा हाय."

मी हाक मारली. बाबांनी मागे न पाहता हात वर केला. ते घरापर्यंत पोचले होते.

धुऱ्याच्या बाहेरच्या अंगावर, कोरड्या मातीवर, एक ओली रेघ होती. मघाशी ती माझ्या पावलांच्या उंचीवर होती. मी पाहत होते तोवर ती वर चढली.

७

शेळी आधी आली. दावं ओढत, उड्या मारत, मान ताणून. खांडेतून आत शिरली आणि तिनं अंग झाडलं. माझ्या तोंडावर थेंब उडाले. तिच्या पोटाखालून पाणी गळत होतं आणि फोफाट्यात त्याचे काळे ठिपके पडत होते. मी ओठ पुसले. खारट होते.

बाबा मागून येत होते. पिल्लू त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. ऊन लखलखीत होतं, वावर तसंच कोरडं, आणि बाबा पायजमा गुडघ्याच्या वर धरून चालत होते. मग त्यांनी पायजमा सोडून दिला. एकेक पाय ओढून काढल्यासारखा उचलत होते, अंगानं पुढे वाकून. त्यांच्या पायाखालून धूळ उडत नव्हती.

"बाबा!" मी खांडेत उतरले. वकार मला मागून धरत होता. घोट्यांना गार लागलं. मी खाली पाहिलं. चपला कोरड्या होत्या. साडीचा काठ मात्र पायाला चिकटला होता आणि एका बाजूला ओढला जात होता, आतल्या बाजूला, गावाकडे. खांडेच्या दोन्ही कडांची माती तळातून सुटून आत सरकत होती.

मागे वळून पाहिलं तर सगळे थांबले होते. भरलेली घमेली हातात धरून उभे होते. बायका होत्या, त्यांच्या कडेवर लेकरं होती. कोणी माती टाकत नव्हतं. माझा बाप बाहेर होता म्हणून टाकत नव्हते. मला पाहत होते.

"बाई," बेबीताई हळूच म्हणाल्या, "खांड वाढून रायली व."

बाबा आता अर्ध्या वाटेवर होते. छाती पुढे काढून, हात वर धरून उभे होते. पुढे पाय पडत नव्हता. त्यांनी पिल्लू डोक्यावर घेतलं, मग दोन्ही हातांनी माझ्या दिशेनं लोटलं. ते पिल्लू खाली पडलं नाही. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, नुसत्या उन्हात, ते पाय मारत होतं. नाक वर काढून पाय मारत, ओरडत, ते माझ्याकडे आलं, आणि खांडेपाशी वकारनं त्याला झेललं.

मी ओढणाऱ्या त्या गारव्यात एक पाऊल टाकलं आणि माझा पाय जमिनीला लागला नाही. वकारनं ओढून मला मागे आणलं.

"येऊ नको!" बाबा ओरडले. त्यांची हनुवटी वर होती. एसटीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. "दर्शू, भर ते!"

मी नाही म्हणाले. कितीदा म्हणाले मला माहीत नाही. मागे कडेवरची लेकरं रडायला लागली, थंडी लागल्यावर रडतात तशी. खांडेची एक कड खचली आणि आतल्या बाजूला उभी असलेली एक म्हातारी अचानक बसली, जणू तिचे पाय कोणी काढून घेतले.

"भर ना व माय," बाबा म्हणाले. यावेळी ते ओरडले नाहीत. मला शाळेत सोडताना बोलायचे तसे बोलले.

कोणाचं तरी घमेलं माझ्या हातात होतं. मी माती टाकली. बाबांनी मान डोलावली. मी दुसरं घेतलं आणि टाकलं. मग मागून सगळ्यांनी टाकायला सुरुवात केली, दोन्ही बाजूंनी, भराभर, आणि कोणीतरी रडत होतं. माती गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली. मी टाचा उंचावून पाहत होते. ते माझ्याकडेच पाहत होते आणि मान डोलावत होते, बरोबर, बरोबर. मग माती माझ्या डोळ्यांच्या वर गेली.

मी हात थांबवला नाही.